कँब्रियन संधिपादांच्या मेंदूंचा प्रतिकृती-संच: एक परीक्षण

प्राणिशास्त्र विभागासाठी शैक्षणिक साहित्य घेताना या वर्षी आम्ही नेहमीच्या यादीबाहेरचा एक संच मागवला. संधिपाद, म्हणजे कीटक, कोळी, खेकडे यांसारख्या, प्राण्यांच्या मेंदूची सुरुवातीची उत्क्रांती जीवाश्मांच्या आधारे समजावून देणे, हा त्या संचाचा घोषित हेतू आहे. पेटीत कँब्रियन काळातल्या, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून जुन्या, पाच जीवाश्मांच्या रेझिनमध्ये ओतलेल्या आणि रंगवलेल्या प्रतिकृती, प्रत्येक प्रतिकृतीवर बरोबर बसणारी एक पारदर्शिका, प्रत्येक मूळ नमुन्याचे एक मोठे छायाचित्र आणि या सगळ्यांची ओळख करून देणारी इंग्रजी पुस्तिका असा ऐवज आहे. किंमत साडेआठ हजार रुपये. टपालखर्च आणि सीमाशुल्क वेगळे. परदेशी विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे गुणदोष सांगणार आहे ते त्या दुकानाचे नसून अशा प्रकारच्या वस्तूचे आहेत.

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. प्रतिकृती सुबक आहेत, छायाचित्रे उत्तम आहेत, पारदर्शिका आकर्षक आणि थोड्या धोकादायक आहेत, आणि पुस्तिका गेल्या काही वर्षांतला महत्त्वाचा वाद गाळून लिहिलेली आहे. ज्या मेंदूसाठी हा संच विकला जातो तो प्रतिकृतीत दिसत नाही, आणि तो का दिसत नाही हे समजावून देणे हाच या विषयाचा गाभा आहे. शिक्षकाने ते काम स्वतः करायचे ठरवले तर संच घेण्यासारखा आहे. पुस्तिकेवर विसंबून शिकवायचे असेल तर नाही.

बारावीच्या किंवा पदवीच्या प्रात्यक्षिकात ज्यांनी झुरळाची चेतासंस्था उघडून पाहिली आहे त्यांना मूळ प्रश्न समजायला वेळ लागणार नाही. झुरळाच्या डोक्यात अन्ननलिकेच्या वर एक गुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, असते, तिच्यापासून निघालेल्या दोन शाखा अन्ननलिकेला वळसा घालून खालच्या गुच्छिकेला मिळतात आणि तेथून पोटाच्या बाजूने दुहेरी चेतारज्जू मागे जातो. वरची गुच्छिका म्हणजे मेंदू, आणि तो तीन खंडांच्या गुच्छिका एकत्र येऊन बनलेला असतो. पहिला भाग, प्रोटोसेरेब्रम, डोळ्यांशी जोडलेला असतो. दुसरा, ड्यूटोसेरेब्रम, शृंगिकांशी. तिसरा, ट्रायटोसेरेब्रम, ज्या खंडाचा आहे त्या खंडाला कीटकांत उपांगच उरलेले नाही, मात्र कोळंबी-खेकड्यांत तेथून शृंगिकांच्या दुसऱ्या जोडीला चेता जातात. विंचू आणि कोळी यांना शृंगिका नसतात. त्यांच्या तोंडापुढील केलिसेरा, म्हणजे भक्ष्य पकडणारी उपांगे, नेमक्या कोणत्या खंडाच्या, हा प्रश्न कित्येक दशके लोंबकळत होता आणि १९९८ मध्ये शरीराचे खंड ठरवणाऱ्या हॉक्स जनुकांच्या अभ्यासातून त्या ड्यूटोसेरेब्रमच्या खंडाच्या असल्याचे दिसून आले. सांगायचा मुद्दा असा, की डोक्यावरचे कोणते उपांग कोणत्या खंडाचे याचा निवाडा निव्वळ बाह्य आकारावरून होत नाही. त्या उपांगाची चेता मेंदूच्या कोणत्या भागातून निघते ते पाहावे लागते. जिवंत प्राण्यात ते पाहता येते. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यात ते पाहता येईल अशी अपेक्षा २०१२ पर्यंत फार थोड्या लोकांनी बाळगली होती.

विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिविच्छेदनावर निर्बंध आणल्यापासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना झुरळाचा मेंदूही चित्रातच भेटतो, त्यामुळे अशा हाताळता येणाऱ्या साहित्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

संचातील पहिली प्रतिकृती फुक्सियानहुइया प्रोटेन्सा या प्राण्याची आहे, आणि तीच पाचांमध्ये सर्वांत देखणी आहे. मूळ जीवाश्म चीनच्या युन्नान प्रांतातील चंगजिआंग येथला. होउ शियानग्वांग यांना १९८४ मध्ये तेथील माओतियान टेकडीवर मृदुकाय प्राण्यांचे जीवाश्म सापडले, पुढे तो सगळा परिसर जगभर गाजला आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. त्या थरांचे वय सुमारे ५१.८ कोटी वर्षे आहे. प्रतिकृतीत पिवळसर पंकाश्माचा रंग अगदी जमला आहे, धडाचे खंड बोटाला जाणवतात, डोक्यापुढचे देठावरचे डोळे स्पष्ट आहेत. तिरप्या प्रकाशात धरली तर विद्यार्थ्याला खंडांची रचना कळते. बाह्य शरीररचना शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले साधन मी पाहिलेले नाही.

पण मेंदू? मा शियाओया, होउ शियानग्वांग, ग्रेगरी एजकोम आणि निकोलस स्ट्राउसफेल्ड यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘नेचर’मध्ये या प्राण्याचा तीन भागांचा मेंदू आणि डोळ्यांमागचे एकापुढे एक असलेले दृष्टिकेंद्र वर्णिले, ते सारे खडकाच्या पृष्ठभागावरील गडद रंगाच्या ठशावरून. कागदावर पडलेल्या तेलाच्या डागाला जसा उठाव नसतो तसाच या ठशालाही नाही. साचा घेणारे द्रव्य उंचसखलपणा टिपते. रंगातला फरक ते टिपू शकत नाही. त्यामुळे कारागिराने छायाचित्र समोर ठेवून डोक्याच्या भागात तपकिरी रंगाने मेंदू रंगवला आहे. हात सफाईदार आहे, तरीही ते चित्रच आहे. विद्यार्थी प्रतिकृतीतला मेंदू पाहतो तेव्हा तो जीवाश्म पाहत नसतो, एका कारागिराने केलेले एका संशोधकाच्या अर्थबोधाचे चित्रण पाहत असतो. पुस्तिकेत याविषयी एक वाक्यही नाही, आणि साडेआठ हजार रुपये घेणाऱ्याने एवढे तरी सांगायला हवे होते.

हा ठसा टिकला कसा, याची माहिती पुस्तिकेत अर्ध्या पानात उरकली आहे. विषयाची खरी गंमत मात्र तेथेच आहे. चेतापेशींत मेद भरपूर असतात. प्राणी बारीक चिखलाच्या लोंढ्यात एकाएकी गाडला गेला, प्राणवायू तुटला आणि वरच्या भाराने शरीरातले पाणी लवकर पिळून निघाले, तर हा मेदयुक्त ऊतक चपटा होऊन कार्बनच्या पातळ पापुद्र्याच्या रूपात उरू शकतो. २०१५ मध्ये याच गटाने फुक्सियानहुइयाच्या आणखी सात नमुन्यांत तसाच मेंदू असल्याचे दाखवले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो कार्बनचा थर आणि त्यावर लोहमाक्षिकाचे, म्हणजे पायराइटचे, सूक्ष्म स्फटिक दिसले. चंगजिआंगचे खडक पुढे हवापाण्याने झिजले आणि त्या पायराइटचे लोहाच्या ऑक्साइडांत रूपांतर झाले, म्हणून कित्येक नमुन्यांत ठसा तांबूस दिसतो. चेताऊतक चिखलाच्या दाबाखाली कसा वागतो ते तपासण्यासाठी प्रयोगशाळेत झुरळे आणि समुद्रातील वलयांकित कृमी चिखलात दाबूनही पाहण्यात आले. आपल्या विद्यार्थ्याला हे सांगितले तर झुरळ, चिखल आणि पन्नास कोटी वर्षे यांचा सांधा क्षणात जुळतो.

याच्या उलट बाजूला बलवान पुरावा आहे, आणि पुस्तिका तिथे पूर्ण गप्प आहे. कुजण्याच्या प्रयोगांत मेंदू हा लवकर नष्ट होणाऱ्या अवयवांपैकी एक ठरतो. त्वचेचे कठीण आवरण आणि आतडे त्याच्या कितीतरी नंतर मोडतात. मग कठीण भागांशेजारी मेंदू टिकलाच कसा? २०१८ मध्ये लिउ जिआन्नी, मिखाएल श्टाइनर, जेसन डनलॉप आणि शू देगान यांनी असा आक्षेप घेतला, की फुक्सियानहुइयासारख्या प्राण्यांतील हे तथाकथित मेंदू आणि रक्तवाहिन्या म्हणजे कुजताना वाढलेल्या जिवाणूंच्या थरांचे अवशेष असू शकतात. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्याला उत्तर म्हणून सांगितले जाते ते असे: जिवाणूंचा थर जिथे अन्न मिळेल तिथे कसाही पसरेल, अनेक नमुन्यांत तो दोन्ही बाजूंना समान, ठरलेल्या ठिकाणी आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या शाखांसह पुन्हा पुन्हा तसाच उमटावा, हे पटणे कठीण आहे. मला स्वतःला हे उत्तर बऱ्याच अंशी पटते, पण सगळ्या नमुन्यांसाठी सारखेच नाही. एकाच नमुन्यावर उभा असलेला मेंदू आणि डझनावारी नमुन्यांत दिसलेला मेंदू यांना एकाच तराजूत तोलता येत नाही. संचाचा कस लावायचा तो याच निकषावर.

या निकषावर पारदर्शिका नापास होतात. कल्पना चांगली आहे: प्रतिकृतीवर पारदर्शिका ठेवली की मेंदूचे तीन भाग तीन रंगांत उजळतात, चेता रेषांनी दाखवल्या जातात. वर्गात पहिल्यांदा ठेवली तेव्हा विद्यार्थी पुढे सरकले, हे मान्य करायला हवे. पण पाचही पारदर्शिकांवरच्या रेषा सारख्याच ठळक आहेत. कुठे ठसा स्पष्ट होता, कुठे अंधूक, कुठे संशोधकाने शेजारच्या जिवंत प्राण्यावरून रेषा पुरी केली, याचा कोणताही भेद नाही. तुटक रेषेचा साधा संकेत पाळला असता तरी पुरे होते. भूशास्त्राच्या नकाशांत तो संकेत शंभराहून अधिक वर्षे चालत आला आहे.

दुसरी प्रतिकृती अलाल्कोमेनिअसची. हा प्राणी जेमतेम तीन सेंटिमीटरचा, डोक्यापुढे लांब नख्यांसारखी मोठी उपांगे असलेला. प्रतिकृती लहान असल्याने तपशील पुसट आला आहे, पण सोबतचे छायाचित्र संपूर्ण संचातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. गेंगो तानाका यांच्यासह वरच्याच मंडळींनी २०१३ मध्ये या नमुन्याचा अभ्यास केला तेव्हा त्यांनी डोळ्यांनी दिसणाऱ्या डागावर भरवसा ठेवला नाही. नमुन्यात लोह कुठे साचले आहे याचा क्ष-किरणांनी नकाशा काढला, त्याच नमुन्याचे सूक्ष्म सीटी स्कॅन केले आणि दोन्हींत जे समान आले तेवढेच चेतासंस्था म्हणून घेतले. संचातील छायाचित्रात हे थर शेजारी शेजारी छापले आहेत, आणि ते पाहताना ‘पुरावा’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याला आपोआप कळतो. जी चेतासंस्था दिसते ती विंचू आणि त्यांचा समुद्रातला नातलग हॉर्सशू क्रॅब यांच्या धर्तीची आहे. फुक्सियानहुइयाचा मेंदू कीटक व कोळंबी-खेकड्यांच्या बाजूला झुकणारा. म्हणजे संधिपादांतील या दोन मोठ्या शाखांच्या मेंदूंचे दोन वेगळे आराखडे चंगजिआंगच्या समुद्रात ५१.८ कोटी वर्षांपूर्वीच अस्तित्वात होते, असा या दोन जीवाश्मांचा एकत्रित अर्थ लावला गेला. स्ट्राउसफेल्ड त्याहून पुढे जातात. आजच्या काही क्रस्टेशियन, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या वर्गातल्या, गटांत जो साधा मेंदू आढळतो तो मूळचा नसून नंतर साधा झालेला आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. उत्क्रांती म्हणजे साध्याकडून गुंतागुंतीकडे असे समीकरण पाठ करून आलेल्या विद्यार्थ्यांशी वाद घालायला हे विधान फार उपयोगी पडते.

तिसरी प्रतिकृती लायरारापॅक्स उंग्विस्पायनस आणि चौथी स्टॅन्लीकॅरिस हिरपेक्स. दोघेही रेडिओडोंट, म्हणजे अ‍ॅनोमॅलोकॅरिसच्या कुळातले भक्षक. डोक्यापुढे काटेरी उपांगांची एक जोडी, मोठे डोळे आणि बाजूंना पोहण्याचे पंख. या दोन प्रतिकृती एका पेटीत येणे हा संचाचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि पुस्तिकेने तो वाया घालवला आहे. लायरारापॅक्सचे वर्णन काँग पेइयुन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केले. त्यांच्या मते त्याचा मेंदू साधा होता, आणि पुढच्या उपांगांच्या चेता डोळ्यांच्या चेतांच्याही पुढून निघत होत्या. संधिपादांचा जवळचा नातलग असलेल्या, अळीसारख्या पेरिपॅटसच्या डोक्यात असेच असते, म्हणून त्यांनी रेडिओडोंटांची ती उपांगे आणि पेरिपॅटसच्या शृंगिका एकमेकांशी जोडल्या. स्टॅन्लीकॅरिसचा अभ्यास जोसेफ मॉयस्युक आणि जाँ-बर्नार कॅरॉन यांनी २०२२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त प्रसिद्ध केला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील बर्जेस शेलमधले, सुमारे ५०.६ कोटी वर्षांपूर्वीचे तब्बल २६८ नमुने त्यांच्यासमोर होते आणि त्यांपैकी ८४ नमुन्यांत मेंदू व चेता टिकलेल्या होत्या. त्यांना मेंदूचे दोन भाग दिसले, प्रोटोसेरेब्रम आणि ड्यूटोसेरेब्रम. पहिला डोळ्यांशी जोडलेला, दुसरा त्या काटेरी उपांगांशी. शिवाय डोक्याच्या मध्यभागी एक मोठा तिसरा डोळाही निघाला.

म्हणजे एकाच कुळातील दोन प्राण्यांच्या एकाच उपांगाविषयी दोन अभ्यास दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. दोन्ही एकाच वेळी बरोबर असणे अवघड आहे. पुस्तिकेत लायरारापॅक्सच्या पानावर पहिली गोष्ट आणि स्टॅन्लीकॅरिसच्या पानावर दुसरी छापली आहे, आणि पान उलटताना वाचकाला अडखळू दिलेले नाही. हा निव्वळ निष्काळजीपणा असावा, कारण लपवायचे असते तर दोन्ही प्राणी संचात घातलेच नसते. मी वर्गात या दोन प्रतिकृती शेजारी ठेवतो, पारदर्शिका बाजूला काढतो आणि विद्यार्थ्यांना दोन्ही छायाचित्रांवरून उपांगांच्या चेता कुठून निघतात ते स्वतः शोधायला सांगतो. एकमत होत नाही. माझा कल स्टॅन्लीकॅरिसकडे आहे, आणि त्याचे कारण ८४ हा आकडा. इतक्या नमुन्यांत कोणी वरून दाबला गेला, कोणी बाजूने, कोणी तिरपा. एकाच रचनेचे निरनिराळ्या कोनांतून झालेले हे ठसे एकमेकांशी पडताळता येतात. कुजण्याने निर्माण झालेला आभास इतक्या शिस्तीने वागत नाही.

स्टॅन्लीकॅरिसच्या प्रतिकृतीला एक अडचण मात्र आहे. बर्जेस शेलचा खडक काळसर, आणि त्यावरील ठसे प्रकाशाचा कोन बदलला की चमकतात किंवा नाहीसे होतात. म्हणून त्यांची छायाचित्रे अनेकदा ध्रुवित प्रकाशात घेतात. रंगवलेल्या रेझिनला ही चमक जमत नाही. काळ्यावर करडा रंग देऊन कारागिराने वेळ मारून नेली आहे.

पाचव्या प्रतिकृतीवर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. कार्डिओडिक्टिऑन हा पायांच्या जोड्या असलेला, अळीसारखा लोबोपोडियन प्राणी. लांबी दीड सेंटिमीटरहूनही कमी. रेझिनमध्ये तो एक बारीक कंगवा होऊन बसला आहे आणि भिंगाखालीही त्यातून काही हाती लागत नाही. त्याच्यावरचा दावा मात्र मोठा आहे. स्ट्राउसफेल्ड, होउ, मार्सेल सेयर आणि फ्रँक हिर्थ यांनी २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये असे मांडले, की या प्राण्याच्या डोक्यात खंड नाहीत, तरीही मेंदूत तीन प्रदेश आहेत, म्हणजे संधिपादांचे डोके आणि मेंदू धडाच्या खंडांतून घडलेले नसून त्यांचा उगम स्वतंत्र असावा. आजच्या प्राण्यांत मेंदू घडवणाऱ्या जनुकांच्या आधारे त्यांनी हा युक्तिवाद पुढे नेला. डोके म्हणजे एकत्र आलेले धडाचे खंड, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. ते उलटवायला इतक्या लहान प्राण्याच्या ठशाहून अधिक भक्कम आधार हवा, असे मला वाटते. पुस्तिकेने हा निष्कर्ष वादातीत असल्यासारखा पहिल्याच पानावर, संपूर्ण संचाचे सार म्हणून छापला आहे. माझी सर्वांत मोठी तक्रार ही.

संचात काय नाही, हेही खरेदी करण्यापूर्वी पाहावे. ग्रीनलंडच्या उत्तर टोकाकडील सिरियस पासेट येथील केरिग्माकेला नाही. पार्क ते-युन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्याच्या मेंदूत फक्त प्रोटोसेरेब्रम असल्याचे वर्णन केले होते; मेंदू ‘एक भाग, मग दोन, मग तीन’ असा वाढत गेला या मांडणीतला पहिला टप्पा नेमका तोच, त्यामुळे त्याच्याविना पुस्तिकेतला वंशवृक्ष तळाशी तुटलेला राहतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या मॅझन क्रीकमधला युप्रूप्स नाही. हा हॉर्सशू क्रॅब सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कँब्रियनच्या बराच नंतरचा. पण २०२१ मध्ये त्याच्या डोक्यात मेंदूच्या पोकळीत केओलिनाइट ही पांढरी माती भरून त्याचा आकार जसाच्या तसा टिकल्याचे आढळले. करड्या खडकावर पांढरा मेंदू: रंगवलेल्या प्रतिकृतीला इतका सोयीचा जीवाश्म दुसरा नाही.

आणि सर्वांत खटकणारी उणीव म्हणजे युती युआन्शी. २०२४ मध्ये मार्टिन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये वर्णिलेली ही कँब्रियन अळी खसखशीच्या दाण्याएवढी आहे, सुमारे ५२ कोटी वर्षे जुनी आहे, आणि ती चपटी झालेली नाही. इंग्लंडमधील डायमंड लाइट सोर्स या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, तिचे क्ष-किरणांनी स्कॅन केले तेव्हा आतले मेंदूचे प्रदेश, पचनग्रंथी, रक्ताभिसरणाच्या पोकळ्या, पायांकडे आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या चेतांच्या खुणा हे सारे तीन मितींत दिसले. कॅल्शियम फॉस्फेटने बदललेल्या अशा जीवाश्माची शेकडो पटींनी मोठी, मधून उघडणारी त्रिमितीय प्रतिकृती छापणे आजच्या थ्रीडी प्रिंटरला सहज शक्य आहे. ज्या जीवाश्मांचा मेंदू निव्वळ रंगाच्या रूपात आहे त्यांचे साचे विक्रेत्याने घेतले, आणि ज्याचा मेंदू खरोखर आकाराच्या रूपात उरला आहे तो वगळला. हा निर्णय का घेतला असेल ते कळत नाही. बहुधा संच आधी तयार झाला आणि नंतर फक्त पुस्तिकेची मलपृष्ठे बदलली असावीत.

व्यवहाराच्या बाजूने तक्रार करण्यासारखे फारसे काही नाही. प्रत्येक प्रतिकृती फोमच्या वेगळ्या कप्प्यात घट्ट बसवलेली होती आणि सगळ्या धडधाकट पोहोचल्या. चिठ्ठ्यांवर शास्त्रीय नाव, स्थळ आणि वय आहे. मूळ नमुना कोणत्या संग्रहात आहे आणि त्याचा नोंदक्रमांक काय, हे नाही. ते असायला हवे होते, कारण मूळ प्रबंधातील चित्राशी प्रतिकृती ताडून पाहायची तर त्या क्रमांकावाचून पर्याय नसतो. पारदर्शिका पातळ आहेत, लवकर ओरखडे पडतात. कोऱ्या ओएचपी पारदर्शिकेवर विद्यार्थ्यांकडून स्वतःची रेखाटने करून घेणे जास्त शहाणपणाचे, आणि त्यात तुटक रेषा काढायलाही शिकवता येते. छायाचित्रे मात्र लॅमिनेट करून घ्यावीत.

येथे एक गोष्ट खरेदीदारांनी ध्यानात ठेवावी. इंटरनेटवर चंगजिआंगचे ‘अस्सल’ जीवाश्मही विक्रीला ठेवलेले दिसतात आणि काही वेळा त्यांची किंमत या संचाच्या आसपासच असते. चीनमध्ये जीवाश्म संरक्षणाचे नियम १ जानेवारी २०११ पासून लागू आहेत आणि परवानगीशिवाय असे नमुने देशाबाहेर नेता येत नाहीत. बर्जेस शेलचा परिसर योहो राष्ट्रीय उद्यानात येतो. तेथून दगडाचा तुकडा उचलणेही गुन्हा आहे. शैक्षणिक संस्थेने अशा नमुन्यांच्या वाटेला जाऊ नये. शिवाय जे नमुने बाजारात येतात त्यांत मेंदूचा ठसा असण्याची शक्यता नगण्य, आणि असलाच तर तो ओळखायला लागणारी उपकरणे आपल्या प्रयोगशाळेत नाहीत.

पदव्युत्तर वर्गाला उत्क्रांती किंवा अपृष्ठवंशीयांची तुलनात्मक शरीररचना शिकवणाऱ्या विभागाने हा संच घ्यावा, मात्र पुस्तिका विद्यार्थ्यांच्या हाती देण्यापूर्वी २०१८ चा आक्षेप आणि लायरारापॅक्स-स्टॅन्लीकॅरिस यांतील विसंगती यांवर दोन पानांचे टिपण स्वतः तयार करून तिला जोडावे. पदवीच्या पहिल्या वर्षासाठी किंवा शाळेसाठी तो महाग आणि दिशाभूल करणारा ठरेल. तेथे झुरळाच्या चेतासंस्थेची चांगली प्रतिमानेच पुरेशी आहेत. विक्रेता सुटी छायाचित्रेही विकतो, हे मला मागणी नोंदवल्यानंतर कळले. ज्यांना खर्च आवरायचा आहे त्यांनी पाच छायाचित्रे आणि फुक्सियानहुइयाची एक प्रतिकृती एवढेच मागवावे. एकूण किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी पैशांत संचातले जवळजवळ सगळे शिकवण्याजोगे हाती येते.